लांब घर

१

हिवाळा लागला की गावातली मोजकीच धुराडी जिवंत राहत. उरुग्वेच्या त्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसे. उन्हाळा सरला की शहरातली माणसं आपापल्या घरांना कुलपं घालून परतत, आणि जाता जाता किल्ल्या ओदिलाकडे सोपवून जात. मग गावात उरायचा वारा, वाळू आणि ओदिला.

रोज सकाळी ती किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघायची. एकेक घर उघडायचं, खिडक्या सताड उघडून कोंदट वास घालवायचा, उंबऱ्याशी साचलेली वाळू झाडायची, उंदरांनी कुठं घर केलंय का बघायचं आणि पुन्हा सगळं लावून घ्यायचं. चादरी पांघरलेल्या खुर्च्यांना ती म्हणायची, "काय, झोप झाली का?" उत्तराची तिला सवय नव्हती. बरोबर बेकरीतला म्हातारा कुत्रा कापितान असायचा. तो प्रत्येक घरात तिच्याआधी शिरायचा आणि सगळं ठीक असल्यासारखा बाहेर येऊन बसायचा.

दुपारी घरी आलं की शेगडी पेटवायची, तुंब्यात येर्बाची पानं भरून गरम पाणी ओतायचं, नळीनं तो कडू रस ओढत टेबलाशी बसायचं, आणि चित्रं काढायची.

चित्रकला तिला कुणी शिकवली नव्हती. तिला शिकवलं ते स्वप्नानं. लहानपणापासून तिला एकच वाईट स्वप्न पडायचं. एक लांबच लांब घर. घर कसलं, एक बोळच तो. खाली घोट्याएवढं काळं पाणी. एका बाजूला बंद दारं, दारांखालून झिरपणारा उजेड. दुसऱ्या बाजूला खुंट्यांवर टांगलेले कोट, माना खाली घातलेले. आणि ते कोट श्वास घ्यायचे.

लग्नानंतर ती झोपेत कण्हायला लागली की नवरा, नीवाल्दो, तिला हलवून जागं करायचा. "चल, ये बाहेर," म्हणायचा, जणू ती खरंच कुठं आत अडकलीय. तो गेल्यावर तिला हलवणारं कुणी उरलं नाही. मग स्वप्न संपेपर्यंत तिला तिथंच थांबावं लागायचं. आणि एखाद्या ठिकाणी रोज थांबावं लागलं की माणूस बघायला लागतो. उजेड पाण्यावर कसा थरथरतो, कोटांच्या घड्यांमध्ये काळ्याच्या पोटात आणखी एक काळा कसा असतो, हे तिला दिसायला लागलं. एका सकाळी उठून तिनं शेगडीतला विझलेला कोळसा उचलला. त्या दिवशी भीती गेली असं नाही. पण भीतीला एक रूप आलं, आणि ते रूप सुंदर होतं.

२

कागद मिळायचा बेकरीतून. पाव गुंडाळायच्या जाड कागदाच्या गुंडाळ्यांची उरलेली टोकं नेलबा तिच्यासाठी बाजूला ठेवायची. कोळसा पुसायला शिळ्या पावाचा गर लागायचा, तोही तिथलाच. नेलबा म्हणजे तोंडाची फटकळ, पण मनानं मऊ.

"अगं बाई, समुद्र काढ, सिंधुसिंह काढ," ती म्हणायची. "उन्हाळ्यात लोक उड्या टाकून नेतील. हे काय, कोट टांगलेत नुसते!"

"सुंदर नाहीत?"

नेलबा चित्राकडे एक डोळा बारीक करून बघायची. "असतील. पण इथं भिंतीवर लावू नकोस हं. माझा पाव फुगायचा नाही."

दोघी हसायच्या. नंतर ओदिला एकटीच चित्र काखेत धरून घरी यायची आणि आपल्याच भिंतीवर लावायची. स्वयंपाकघराच्या तीन भिंती भरून गेल्या होत्या. कुणी आलंच, म्हणजे गॅसची टाकी आणून देणारा माणूस, तर तो पाठ फिरवून उभा राहायचा आणि सही घेऊन पळायचा.

लोकांना ती भीतिदायक वाटतात याचं तिला दुःख नव्हतं. आपण जिथं आयुष्यभर जात आलो त्या जागेबद्दल बोलायला जगात कुणी नाही, हे मात्र तिला खुपायचं. परक्या देशात गेलेल्यांनासुद्धा आपल्या गावचं कुणी ना कुणी भेटतं. तिला कुणी भेटलं नव्हतं.

३

त्या हिवाळ्यात एबेर पिंतोस गावात राहायला आला. सीमेवरच्या गावापर्यंत जाणारी बस त्यानं आयुष्यभर चालवली होती. बायको वारली, आणि शहरातल्या त्या दोन खोल्यांमध्ये त्याला बसवेना. बहिणीचं उन्हाळी घर इथं रिकामं होतं. त्याची किल्ली मागायला तो ओदिलाच्या दारात उभा राहिला. मोठ्या हातांचा, टोपी छातीशी धरलेला माणूस. नावाआधी मानाचं 'दोन्या' लावून त्यानं विचारलं.

"दोन्या ओदिला आपणच ना? त्रास देतोय."

"त्रास कसला, माझं एक घर कमी झालं झाडायचं. आत या, बाहेर वारा आहे."

तो आत आला आणि भिंतींसमोर थांबला. पाठ फिरवली नाही. एका मोठ्या चित्रापाशी तो इतका वेळ उभा राहिला की तुंब्यातलं पाणी निवलं.

"या कोटांमध्ये कुणी आहे," तो शेवटी म्हणाला.

ओदिलानं वळून त्याच्याकडे पाहिलं. "कशावरून?"

"श्वास घेतायत." मग ओशाळून हसला. "हसू नका हं. सगळी हयात बस चालवली. रात्री मागं अंधार असतो, दिसत काही नाही. पण कोण झोपलंय, कोण रडतंय, हे श्वासावरून कळतं."

ती हसली नाही. तिनं टाचण्या काढल्या, चित्राची गुंडाळी केली आणि त्याच्या हातात दिली. तो नको नको म्हणत राहिला, पण तिनं ऐकलं नाही. त्याला फाटकापर्यंत सोडून ती आत आली, भिंतीवरच्या रिकाम्या जागेकडे बघत टेबलाशी बसली, आणि तिथंच तिचा डोळा लागला असावा.

कारण सकाळी जाग आली ती बसल्या जागीच. शेगडी राख झालेली, हातात कोळसा. पाय मात्र घोट्यापर्यंत बर्फासारखे गार पडले होते आणि घोट्याच्या वर ऊबदार होते. रात्रभर खुर्चीत लटकले म्हणून असेल, तिनं मनाशी म्हटलं, आणि जाड मोजे चढवले.

४

थोड्या दिवसांनी एबेर आला तो धापा टाकतच.

"दोन्या ओदिला, काल मी तिथं होतो."

"कुठं?"

"तुमच्या त्या घरात. पाण्यात." तो खुर्चीत बसला. "चित्र पलंगासमोर लावलं होतं, म्हणून पडलं असेल स्वप्न. पण एक सांगा. कोट संपतात ना, तिथं एक पायरी आहे. वाटते त्यापेक्षा खोल. पाय टाकला की पोटात खड्डा पडतो."

ओदिलाच्या हातातला तुंबा खाली पडला. ओली पानं फरशीवर पसरली. ती पायरी तिनं कधी काढली नव्हती. कुणाला सांगितलीही नव्हती. त्या पायरीवर ती लहानपणापासून अडखळत आली होती.

"डाव्या पायाखाली येते," ती म्हणाली.

"डाव्याच!"

ओदिला हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. एबेरनं घाईनं रुमाल पुढं केला. त्याला वाटलं, आपलं काही चुकलं.

त्यानंतर तो रोज दुपारी यायला लागला. पाऊस असला तर ती कणकेच्या पुऱ्या तळायची, तो वरून साखर भुरभुरवायचा. आणि बोलणं त्या घराचंच. गाव सोडलेल्या बाईनं तिकडून आलेल्याला विचारावं तसं ती विचारायची. तिसऱ्या दाराखालचा उजेड अजून हिरवट आहे का? टोकाला गेलं की पाणी गुणगुणतं, ऐकलंत? एबेर आठवून आठवून सांगायचा. भीती वाटते म्हणायचा, पण जायचा. "बायको गेल्यापासून रात्री कुठं जायलाच नव्हतं मला," एकदा तो म्हणाला.

ती स्वतः मात्र तिथं जात नव्हती. हे तिच्या हळूहळू लक्षात आलं. चित्र दिलं त्या दिवसापासून तिला स्वप्न असं पडलंच नव्हतं. रात्र म्हणजे झाडून काढलेली खोली. डोळे मिटायचे आणि उघडायचे. तिनं स्वतःची समजूत घातली की आता आपण एकट्या नाही, म्हणून पडत नसेल. बरंच झालं की.

कापितानही तिच्याबरोबर यायचा बंद झाला. सकाळी ती बेकरीवरून गेली की तो उठायचा, चार पावलं यायचा, हवा हुंगायचा आणि बसायचा. एकदा तिनं वाकून हात पुढं केला तर तो हातापासून दूर सरकला. गुरगुरला नाही, नुसता सरकला. ओळख नसलेल्या माणसापासून सरकतात तसा.

"म्हातारा झालाय मेला," नेलबा म्हणाली. "मलासुद्धा कधीकधी ओळख देत नाही."

५

"आत कुणीतरी बसलेलं असतं," एका दुपारी एबेर म्हणाला. त्यानं पुरी खाली ठेवली होती. "मी सांगणार नव्हतो."

"कोटांत?"

"नाही. पायरीच्या पलीकडे. टेबल आहे तिथं, पाण्यातच. एक बाई बसते. पाठमोरी. चित्र काढत असते, हात हलताना दिसतो."

ओदिलानं त्या घरात कधी टेबल पाहिलं नव्हतं. "कशी आहे?"

"तपकिरी स्वेटर आहे अंगात. कोपराला निळ्या लोकरीचं रफू."

ओदिलानं आपल्या कोपराकडे पाहिलं. निळं रफू तिनंच केलं होतं, तपकिरी लोकर संपली म्हणून.

साधी गोष्ट आहे, तिनं विचार केला. माणूस रोज तिच्यासमोर बसतो, तिला याच स्वेटरमध्ये बघतो. दिवसा पाहिलेलं रात्री दिसतं. यात नवल ते काय? तिनं हे सगळं त्याला बोलूनही दाखवलं, आणि त्यानं मान डोलावली.

"मी पण तेच म्हटलं. फक्त, तिचा श्वास मला ओळखू येतो, दोन्या ओदिला. ती रडत असते."

शेगडीत लाकूड फुटलं. ओदिलाला एकदम त्या बाईचा हेवा वाटला. ती तिथं बसून सगळं डोळ्यांनी बघत काढत होती, आणि आपल्याला आठवून काढावं लागत होतं.

"बोला ना तिच्याशी," ती म्हणाली.

"नको."

"अहो, मीच आहे ना ती? माझ्याशीच तर बोलायचंय. इथं बोलता तसं. त्यात भिण्यासारखं काय आहे?"

एबेरनं टोपी हातात घेऊन फिरवली. उठताना म्हणाला, "बघतो."

६

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मग ओदिला बिस्कोचोंचा, बेकरीतल्या खुसखुशीत गोड पावांचा, पुडा घेऊन त्याच्या घरी गेली. दार उघडंच होतं. टेबलावर बांधलेली बॅग, आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलेली चित्राची चौकट. चौकट त्यानंच हौसेनं करून घेतली होती.

"बहिणीकडे जातोय," तो म्हणाला. तिला बघून तो उठला आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला. दाढी वाढली होती. "बसची वेळ झालीच आहे."

"बोललात ना तिच्याशी?"

त्यानं बॅगेचा पट्टा आवळला.

"एबेर, मी तुम्हाला पुऱ्या खायला घातल्यात. मला न सांगता जाणार आहात?"

हे ऐकून तो हसल्यासारखं करून खाली बघायला लागला. मग सांगितलं. पायरी उतरून तो तिच्या मागं उभा राहिला होता. हाक मारली. ती वळली.

"चेहरा तुमचाच. काही वाईट नव्हतं त्यात, देवाशपथ. थकलेली होती फार. पायांचे पंजे पाण्यानं सुरकुतलेले. मला बघून किती आनंद झाला तिला! हातच धरला माझा. कधीपासून कुणी आलंच नाही म्हणाली. मग विचारलं..."

"काय विचारलं?"

"म्हणाली, 'माझ्या घरात ती अजून राहतेय का?'"

बाहेर वाळू खिडकीच्या काचेवर सरसरत होती.

"कोण ती?" ओदिलानं विचारलं.

एबेर फक्त तिच्याकडे बघत राहिला. कसा, ते तिला लगेच कळलं. कापितान बघायचा तसा.

"म्हणाली, चित्र देऊन टेबलाशी बसले, डोळा लागला, आणि उठले ती इथंच. मागून कुणीतरी अंगावरून बाहेर गेल्यासारखं वाटलं, म्हणाली. एवढंच तिला आठवतं." त्यानं बॅग उचलली. दाराशी गेल्यावर थांबला. "तुम्ही वाईट नाही आहात. एवढं मला कळतं. हिवाळाभर माझ्याशी तुम्हीच बोललात, दुसरं कोण होतं? पण मला नाही जमणार आता तुमच्यासमोर बसायला. मला माफ करा."

बस आली तेव्हा तिनं हात हलवला. त्यानं खिडकीतून टोपी उंचावली. मग रस्त्यावर कुणीच राहिलं नाही.

७

चित्र घेऊन ती घरी आली आणि टेबलाशी बसली.

पहिल्यांदा तिला राग आला. एकट्या म्हाताऱ्या माणसाचं डोकं फिरतं, त्याला आपण काय करणार? आपण ओदिला तेचेरा. आईचं नाव सेलेदोनिया. नीवाल्दोचा पुढचा दात पडला होता, म्हणून तो हसताना तोंडावर हात घ्यायचा. सगळं आठवतंय की!

मग तिनं त्याचं हसू ऐकायचा प्रयत्न केला. हात दिसत होता. आवाज येत नव्हता. खूप आतून, भिंतीपलीकडून ऐकू यावं तेवढाही नाही. तिला सगळं ठाऊक होतं, पण ते कुणीतरी सांगावं आणि आपण लक्ष देऊन ऐकत राहावं तसं ठाऊक होतं. रात्रीमागून रात्री. मान खाली घालून. खुंटीवरून.

ती झटकन उठली आणि उजेडासाठी खिडकीशी गेली. हात पाहिले. कोळशानं काळवंडलेले, नखं तुटलेली, ओदिलाचे हात. माणसाचं डोकं एकटेपणात काहीही रचतं, ती स्वतःला म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. खोलीत दुसरं कुणी ऐकायला नव्हतं.

संध्याकाळ व्हायच्या आत तिनं चौकटीतून चित्र काढून टेबलावर पसरलं. कोट, पाणी, दारांखालचा उजेड. किती सुंदर होतं ते! आणि त्यात कुठंतरी बसलेली एक बाई, पाय भिजलेले, कुणी हलवून जागं करायला नाही. ते तिथं कसं असतं हे आपल्याखेरीज जगात आता एकालाच माहीत होतं, आणि तो बसमध्ये बसून निघून गेला होता. नाही, दोघांना माहीत होतं. दुसरी तिथं आत बसली होती.

काय केलं तर काय होईल, हे तिला पक्कं ठाऊक नव्हतं. पण अंदाज होता. तिनं पावाचा गर बोटांत मळला. बोळाच्या टोकाशी एक दार होतं, सगळ्यांत काळं. या घरातली दारं तिनं नेहमी बंद काढली होती. त्या दाराच्या कडेनं तिनं गर हलकेच फिरवत नेला. काळा रंग निघत गेला. बोटभर उजेडाची फट पडली, मग हातभर. पलीकडे तिनं काही काढलं नाही. उघडं दार तेवढं ठेवलं.

८

सकाळी हवा स्वच्छ होती. ती नेहमीसारखी निघाली. शेवटचं घर टेकाडावरचं. तिथल्या वरच्या खोलीची खिडकी उघडली की सगळं गाव दिसायचं, आणि गावाच्या टोकाला तिचं स्वतःचं घर.

धुराड्यातून धूर येत होता. निघताना तिनं शेगडी विझवली होती.

मागच्या दोरीवर चादर वाळत होती. उशीचा अभ्रा. काल रात्री ती ज्यावर झोपली होती तोच, फुलाफुलांचा. खिडकीच्या चौकटीवर गादी ओढून टाकली होती, आणि आतून एक हात ती बडवत होता. तपकिरी बाही. हात खाली यायचा, धूळ उडायची, आणि आवाज वाऱ्यावरून उशिरा पोचायचा. धप्. तोवर हात पुन्हा वर गेलेला असायचा. चेहरा दिसत नव्हता, आत सावली होती. पाहुणा निघून गेल्यावर घर साफ करतात तसं ते चाललं होतं. जोर लावून, मन लावून.

ओदिलानं स्वतःच्या अंगातल्या स्वेटरची बाही घट्ट धरली. बराच वेळ ती चादरी पांघरलेल्या त्या खोलीत उभी राहिली. इथंच बसून राहता येईल, तिच्या मनात आलं. या खुर्च्यांमध्ये. अंगावर चादर घ्यायची. उन्हाळ्यापर्यंत कुणाला कळणार नाही.

मग तिनं खिडकी लावली, कुलूप घातलं आणि बेकरीत गेली.

"एवढे बिस्कोचो?" नेलबा म्हणाली. "कोण आलंय?"

"घरी माणूस आहे."

"बरं झालं बाई. वाळून चालली होतीस." नेलबानं पुड्यात वर आणखी दोन टाकले. "गोड आहेत, जामचे."

घराच्या वाटेवर ती भरभर चालत होती. फाटक उघडं होतं. शेगडीवर कांदा परतल्याचा वास येत होता. दारापाशी आल्यावर तिचा हात सवयीनं कडीकडे गेला आणि थांबला. मग तिनं बोटं मिटली आणि दारावर टकटक केली.

आत पावलं वाजली. ओली, सावकाश. दाराच्या पलीकडे येऊन थांबली.

"कोण?" तिच्याच आवाजात कुणीतरी विचारलं.

तिनं तोंड उघडलं. सांगायला एकच नाव होतं, आणि ते दाराच्या आत होतं. कागदी पुडा तिनं छातीशी धरला. त्याची ऊब बोटांना लागत होती.

"एकटीच आहे मी," ती म्हणाली.